गडाची वाट आणि वेगाचा लगाम : पन्हाळ्याच्या संदर्भात भारतीय मोटारसायकलच्या ब्रेकव्यवस्थेचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

भारतातील मोटारसायकलच्या इतिहासात इंजिनाची शक्ती, इंधनबचत आणि किंमत यांची चर्चा विपुल झाली आहे. वाहन थांबविणाऱ्या यंत्रणेचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात पन्हाळगडाची चढउताराची वाट हा भौगोलिक संदर्भ घेऊन १९५५ पासून आजपर्यंतच्या भारतीय मोटारसायकलच्या ब्रेकव्यवस्थेचा आढावा घेतला आहे. शक्तिशाली मोटारसायकलींचे कॅलिपर व पॅड बदलण्याच्या प्रथेमागील ऐतिहासिक कारणे, तिचे तांत्रिक स्वरूप आणि तिच्या कायदेशीर मर्यादा यांचे विवेचन येथे केले आहे.

बीजशब्द : पन्हाळा, घाटरस्ता, ड्रम ब्रेक, डिस्क ब्रेक, कॅलिपर, राजदूत ३५०, तंत्रज्ञानाचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधाच्या बाजूने लिहिला जातो. यंत्र कोणी शोधले, ते कोणत्या साली बाजारात आले आणि त्याची शक्ती किती होती, हे प्रश्न त्यात अग्रभागी असतात. यंत्र विशिष्ट भूमीवर वापरताना काय घडले, वापरणाऱ्याने त्यात कोणते फेरफार केले आणि ते का करावे लागले, हे प्रश्न मागे पडतात. मोटारसायकलच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. गाडी किती वेगाने धावते हे विकत घेणारा विचारतो, पण ती किती अंतरात थांबते हे विचारण्याची रीत आपल्याकडे फार उशिरा रुजली.

हा विषय कोल्हापूर परिसराच्या संदर्भात अभ्यासण्यास दोन कारणे आहेत. पहिले कारण भौगोलिक आहे. कोल्हापूरच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर असलेला पन्हाळा, शेजारचा जोतिबाचा डोंगर आणि पश्चिमेकडे कोकणात उतरणारा आंबा घाट यांमुळे येथील दुचाकीस्वाराला चढउतार नित्याचा आहे. दुसरे कारण औद्योगिक आहे. ओतकाम, यंत्रदुरुस्ती आणि सुटे भाग यांची दीर्घ परंपरा या शहराला लाभली आहे. त्यामुळे वाहन जसे कारखान्यातून आले तसेच न वापरता त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करण्याची वृत्ती येथे सहज आढळते.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) पन्हाळ्याच्या वाटेचे ऐतिहासिक स्वरूप आणि आधुनिक वाहनाच्या ब्रेकवर पडणारा भार यांचा संबंध स्पष्ट करणे.
२) भारतीय मोटारसायकलमध्ये शक्ती आणि ब्रेक यांच्या विकासात पडलेल्या अंतराचा शोध घेणे.
३) कॅलिपर व पॅड बदलण्याच्या प्रथेचे तांत्रिक व सामाजिक मूल्यमापन करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. चारचाकी वाहने आणि स्कूटर यांचा विचार आवश्यक तेवढाच केला आहे.

पन्हाळ्याची वाट : चढण्यापेक्षा उतरणे कठीण

शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून ज्ञात असलेला पन्हाळा हा दख्खनमधील एक प्रमुख दुर्ग. किल्ल्याची रचनाच मुळी येणाऱ्याचा वेग कमी व्हावा अशी असते. वळणे घेत जाणारी वाट, तटाच्या माऱ्यात येणारा मार्ग आणि एकामागून एक दरवाजे ही दुर्गरचनेची तत्त्वे तीन दरवाजासारख्या वास्तूत आजही पाहता येतात. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून छत्रपती शिवाजी महाराजांनी जुलैच्या ऐन पावसात रात्रीच्या अंधारात गड सोडला आणि विशाळगडाकडे प्रयाण केले. त्या प्रसंगातही कसोटी लागली ती गड चढण्याची नव्हे, तर निसरड्या वाटेने उतरण्याची.

पुढे महाराणी ताराबाईंच्या काळात पन्हाळा राजधानीचे ठिकाण झाला आणि १७८२ मध्ये राजधानी कोल्हापूरला हलविण्यात आली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रज फौजेने गड ताब्यात घेतला. त्या काळात चार दरवाजाची वास्तू नष्ट झाली. आजचा वाहनांचा मुख्य रस्ता याच दरवाजाच्या जागेवरून गडावर प्रवेश करतो. जी वाट शत्रूला अडविण्यासाठी रचली होती तीच पुढे चाकांसाठी मोकळी झाली. दरवाजाचा अडथळा गेला, मात्र डोंगराचा उतार कायम राहिला.

या उताराचा ब्रेकच्या दृष्टीने अर्थ काय, हे साध्या गणिताने समजते. मोटारसायकल, चालक आणि मागे बसलेली व्यक्ती मिळून ३५० किलोग्रॅम वजन आणि ३०० मीटर उंचीचा उतार असे उदाहरणादाखल मानले, तर खाली येईपर्यंत सुमारे १० लक्ष ज्यूल ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावी लागते. एवढ्या उष्णतेने सुमारे ३ लिटर पाणी उकळीला येईल. तीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबविली, तर सुमारे ४९ हजार ज्यूल ऊर्जा शोषली जाते. म्हणजेच उतरणीचा एक प्रवास अशा सुमारे २१ वेळा थांबण्याइतका ठरतो. यातील काही भाग हवेचा विरोध आणि इंजिनाचा रोध शोषून घेतात. उरलेला सर्व भार ब्रेकवर येतो. गावातल्या रस्त्यावर पुरेसा वाटणारा ब्रेक गडाच्या उतरणीवर का दमतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

ब्रेकचा विकास : जागतिक पार्श्वभूमी

चाकाला रोध करण्याची कल्पना बैलगाडीइतकी जुनी आहे. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने डोंगराळ डर्बीशायरमधील गाडीवान उतारावर चाकाला रोध करण्यासाठी जुन्या बुटांचे तळवे वापरतात हे पाहिले. त्यातूनच त्याने घर्षणद्रव्याचे प्रयोग आरंभिले. १८९७ मध्ये स्थापन झालेला ‘फेरोडो’ हा उद्योग त्या निरीक्षणाचे फळ होय. आधुनिक ब्रेक लायनरचा उगम अशा रीतीने डोंगरउतारावरच्या सामान्य गाडीवानाच्या युक्तीत सापडतो, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

१९०२ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे ठरते. फ्रान्समध्ये लुई रेनॉ याने आतून प्रसरण पावणाऱ्या ड्रम ब्रेकची रचना पुढे आणली, तर इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. दोन्ही कल्पना समकालीन असल्या तरी ड्रम ब्रेक स्वस्त, झाकलेला आणि तत्कालीन घर्षणद्रव्यांना अनुकूल असल्यामुळे पुढील अर्धशतक त्याचेच राज्य राहिले. १९५३ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक बसविलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली आणि या तंत्राची उपयुक्तता सिद्ध झाली. दुचाकीच्या क्षेत्रात १९६२ च्या लँब्रेटा टीव्ही १७५ या स्कूटरला पुढे यांत्रिक डिस्क ब्रेक आला. १९६९ मध्ये होंडाने सीबी ७५० या मोटारसायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक दिला आणि मोठ्या मोटारसायकलींसाठी तो मानदंड ठरला.

दोन्ही रचनांमधील मूलभूत फरक उष्णतेच्या वर्तनात आहे. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो. परिणामी लिव्हर अधिक ओढावा लागतो. त्यात शिरलेले पाणी आणि धूळही लवकर बाहेर पडत नाही. डिस्क मात्र उघड्यावर असल्याने वाऱ्याने लवकर थंड होते आणि पॅड तिच्यावरील पाणी पुसून काढतात. दीर्घ उतार आणि मुसळधार पाऊस ही दोन्ही वैशिष्ट्ये एकत्र असलेल्या प्रदेशात हा फरक निर्णायक ठरतो.

भारतीय मोटारसायकल : शक्ती आधी, ब्रेक मागाहून

१९५५ मध्ये मद्रास येथे एन्फिल्ड इंडियाच्या रूपाने बुलेटचे भारतीय पर्व सुरू झाले. १९६० च्या दशकाच्या आरंभी म्हैसूरची जावा आणि एस्कॉर्ट्‌सची राजदूत या मोटारसायकली आल्या. परवाना पद्धती, आयातीवरील निर्बंध आणि मर्यादित स्पर्धा यांमुळे एकदा आलेली रचना दशकानुदशके टिकून राहिली. ड्रम ब्रेक हा या काळाचा सर्वमान्य घटक होता. वेग मर्यादित आणि रस्ते मोकळे असल्यामुळे तो बहुतांशी पुरेसाही होता. घर्षणद्रव्याचे उत्पादन १९६४ मध्ये सुरू झालेल्या राणे ब्रेक लायनिंगसारख्या उद्योगांमुळे देशातच होऊ लागले.

या काळात स्वारांच्या मनात एक समज घट्ट रुजला. पुढचा ब्रेक दाबला की गाडी पालथी होते, म्हणून पायाचा मागचा ब्रेकच वापरावा, असे नवशिक्याला शिकविले जाई. वस्तुतः ब्रेक लावताच वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबविण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करू शकतो. उतारावर तर हे अधिकच खरे ठरते. मागचे चाक हलके होऊन घसरण्याचा धोका वाढतो. दुर्बळ ड्रम आणि चुकीची सवय यांनी परस्परांना पोसले असे म्हणता येईल.

या विसंगतीचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे राजदूत ३५०. यामाहाच्या आरडी ३५० या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक मोटारसायकलीची ही भारतीय आवृत्ती एस्कॉर्ट्‌सने १९८३ मध्ये बाजारात आणली. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता. भारतीय आवृत्तीत तो काढून ड्रम ब्रेक बसविण्यात आला. इंजिनाची शक्तीही कमी करून सुमारे ३० अश्वशक्तीवर आणली गेली; त्यानंतर त्याहूनही सौम्य आवृत्ती आली. तथापि तत्कालीन भारतीय रस्त्यांवर तिच्या तोडीची दुसरी मोटारसायकल नव्हती. देशातील सर्वांत वेगवान गाडीला तिच्या मूळ रचनेपेक्षा कमकुवत ब्रेक मिळाला, हा येथील मुद्दा आहे.

टू-स्ट्रोक इंजिनाचा आणखी एक गुणधर्म येथे लक्षात घ्यावा लागतो. अ‍ॅक्सिलेटर सोडल्यावर अशा इंजिनाचा रोध फोर-स्ट्रोकच्या तुलनेत अल्प असतो. घाट उतरताना जड बुलेटला खालच्या गिअरचा आधार मिळतो, तसा तो राजदूत ३५० ला मिळत नाही. सगळा भार ड्रमवर येतो आणि वर सांगितल्याप्रमाणे ड्रम तापला की मागे हटतो. या गाडीचे उत्पादन १९९० च्या सुमारास थांबले, पण तिच्या चाहत्यांनी ती टिकवून ठेवली. पुढच्या चाकाला डिस्क आणि कॅलिपर बसविणे हा त्या गाड्यांवरील एक प्रमुख फेरफार ठरला. कारखान्याने वगळलेला भाग वापरणाऱ्याने पुन्हा जोडला, असे या प्रथेचे ऐतिहासिक वर्णन करता येईल.

उद्यमनगरची परंपरा आणि मेस्त्रीचे स्थान

असे फेरफार कारखान्यात झाले नाहीत. ते गॅरेजमध्ये आणि लेथवर झाले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्या उद्यमशील कारागिरांनी या शहरात यंत्रनिर्मितीचा पाया घातला. ऑईल इंजिन आणि त्याचे सुटे भाग यांतून वाढलेले ओतकाम पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत विस्तारले व वाहनउद्योगाला भाग पुरवू लागले. करडे बीड हा येथील कारागिरांच्या हातचा धातू. उष्णता सामावून घेण्याची आणि कंप शोषण्याची त्याची क्षमता मोठी असल्यामुळेच ब्रेकच्या ड्रमसाठी तो वापरला जातो.

या परंपरेने मेस्त्रीला आत्मविश्वास दिला, पण धोकाही दिला. घर्षणद्रव्यात दीर्घकाळ अ‍ॅस्बेस्टॉस वापरले जाई. ड्रम उघडून आतली धूळ हवेच्या झोताने उडविणे ही गॅरेजमधील नित्याची कृती होती. तिचा फुप्फुसांवर होणारा परिणाम फारसा कोणाच्या ध्यानी आला नाही. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये महत्त्वपूर्ण निर्णय दिला, मात्र लहान गॅरेजमधील कामगार अशा संरक्षणाच्या कक्षेत क्वचितच आला. ब्रेकच्या इतिहासात स्वाराच्या सुरक्षिततेबरोबर या हातांचीही नोंद व्हावयास हवी.

१९९९ नंतरचे परिवर्तन

उदारीकरणानंतर चित्र पालटले. १९९९ मध्ये आलेल्या हिरो होंडा सीबीझेडने पुढचा डिस्क ब्रेक मध्यमवर्गीय तरुणाच्या आटोक्यात आणला. २००१ मध्ये बजाजची पल्सर आणि २००३ मध्ये करिझ्मा आली. २००७ च्या पल्सर २२० मध्ये मागील चाकालाही डिस्क मिळाली. इटलीच्या ब्रेम्बो कंपनीने पुण्यात संयुक्त उद्योगाद्वारे प्रवेश केला. लहान व मध्यम मोटारसायकलींसाठीचे तिचे ‘बायब्रे’ हे नाव परिचित झाले. २०१२ मध्ये चाकण येथे तयार झालेल्या केटीएम २०० ड्यूकला ३०० मिलिमीटरची डिस्क आणि चार पिस्टनचा रेडियल कॅलिपर होता. तीस वर्षांपूर्वी ३५० सी.सी.च्या गाडीला जे नाकारले गेले, त्याहून कितीतरी प्रगत यंत्रणा २०० सी.सी.च्या गाडीला कारखान्यातूनच मिळाली.

चाक जागीच अडकू न देणारी एबीएस यंत्रणा जगात १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के १०० या मोटारसायकलवर आली. भारतात १२५ सी.सी.पेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना ती १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीच्या नमुन्यांना १ एप्रिल २०१९ पासून बंधनकारक झाली. म्हणजे जगातील प्रारंभ आणि भारतातील सक्ती यांत तीस वर्षांचे अंतर पडले.

कॅलिपर व पॅड बदल : तांत्रिक मीमांसा

आजही जुन्या शक्तिशाली गाड्यांचे आणि कधी नव्या गाड्यांचेही कॅलिपर व पॅड बदलले जातात. मोठा कॅलिपर म्हणजे उत्तम ब्रेक, अशी समजूत त्यामागे बरेचदा असते. तिचे परीक्षण आवश्यक आहे.

हायड्रॉलिक ब्रेक पास्कलच्या तत्त्वावर चालतो. हँडलवरील मास्टर सिलिंडरचा पिस्टन आणि कॅलिपरमधील पिस्टन यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर हा त्याचा प्राण आहे. मास्टर सिलिंडर तोच ठेवून अधिक क्षेत्रफळाचे पिस्टन असलेला कॅलिपर बसविला, तर कमी जोरात अधिक दाब मिळतो, परंतु लिव्हर अधिक आत जातो. प्रसंगी मुठीला टेकतो. उलट मास्टर सिलिंडर प्रमाणाबाहेर मोठा घेतल्यास लिव्हर दगडासारखा कठीण होतो. म्हणून एक भाग बदलणे म्हणजे व्यवस्था सुधारणे नव्हे. जुनी रबरी नळी दाबाखाली फुगते. तिच्या जागी पोलादी जाळीची नळी घालणे हा त्या मानाने अल्प खर्चाचा आणि परिणामकारक बदल ठरतो.

पॅडची निवडही हेतूनुसार करावी लागते. सेंद्रिय पॅड थंड असताना चांगली पकड देतात, आवाज कमी करतात आणि डिस्क कमी झिजवितात, पण दीर्घ उतारावर लवकर दमतात. धातूची पूड तापवून व दाबून केलेले सिंटर्ड पॅड अधिक तापमान सहन करतात आणि पावसातही भरवशाचे असतात, मात्र डिस्क अधिक झिजवितात आणि उष्णता कॅलिपरकडे अधिक नेतात. पॅडवरील दोन अक्षरी संकेतात पहिले अक्षर सामान्य तापमानातील, तर दुसरे अक्षर तप्त अवस्थेतील घर्षणाचे द्योतक असते. ‘जीजी’पेक्षा ‘एचएच’ पॅडचे घर्षण अधिक असते. नवे पॅड डिस्कवर नीट बसेपर्यंत घाट उतरणे टाळावे, हा नियमही विसरून चालणार नाही.

सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे ब्रेक ऑईल. सामान्यपणे वापरले जाणारे ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओलावा शोषल्यानंतरच्या प्रमाणित चाचणीत ही मर्यादा १५५ अंशांवर येते. तापलेल्या कॅलिपरमध्ये असे ऑईल उकळले की वाफेचे बुडबुडे तयार होतात, ते सहज दाबले जातात आणि लिव्हर ओढूनही ब्रेक लागत नाही. पन्हाळ्याच्या धुक्यापावसात वर्षानुवर्षे न बदललेले ऑईल आणि त्यावर बसविलेला महागडा कॅलिपर, हा सुधारणेचा केवळ आभास होय. डॉट ४ ऑईल दर दोन वर्षांनी बदलणे हे कोणत्याही आयात कॅलिपरपेक्षा स्वस्त संरक्षण आहे.

कायदा आणि सुरक्षितता

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ निर्दिष्ट केलेल्या तपशिलांपेक्षा भिन्न होतील असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा कठोर अर्थ पुनश्च स्पष्ट केला. पॅड, ऑईल यांसारखे झिजणारे घटक बदलणे हा देखभालीचा भाग आहे. पण ड्रमच्या जागी डिस्क बसविणे किंवा एबीएस असलेल्या गाडीची यंत्रणा निकामी करून दुसरा कॅलिपर लावणे हे वेगळ्या कोटीतील कृत्य ठरते.

येथे एक खरा पेच उभा राहतो. ज्या गाड्यांना मुळात अपुरा ब्रेक मिळाला, त्यांच्या मालकाने कायद्याचे पालन करावे की आपला जीव वाचवावा? कायद्याचा हेतू सुरक्षितता हाच आहे आणि अप्रशिक्षित हातांनी केलेले फेरफार घातक ठरू शकतात, हे मान्यच करावे लागते. तथापि जुन्या वाहनांतील ब्रेकसुधारणेची तपासणी करून तिला मान्यता देणारी सुलभ पद्धती उपलब्ध झाली, तर चोरून होणारे काम उघडपणे आणि प्रमाणित रीतीने होऊ शकेल.

निष्कर्ष

१) भारतीय मोटारसायकलच्या विकासात शक्ती आणि ब्रेक यांची वाटचाल समांतर झाली नाही. राजदूत ३५० हे या विषमतेचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.
२) कॅलिपर व पॅड बदलण्याच्या प्रथेचे मूळ केवळ हौसेत नसून कारखान्याने सोडलेल्या उणिवेतही आहे. ती उणीव भरून काढण्यात स्थानिक मेस्त्रीचा वाटा मोठा आहे.
३) ब्रेक ही एकसंध व्यवस्था आहे. मास्टर सिलिंडर, नळी, ऑईल, पॅड, डिस्क आणि टायर यांचा एकत्रित विचार न करता केलेला बदल निष्फळ किंवा घातक ठरतो.
४) भूगोल हा तंत्रज्ञानाचा परीक्षक असतो. सपाटीवर लपलेला दोष घाटात उघडा पडतो.

जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चार दरवाजाजवळचा मुख्य रस्ता खचला आणि गडाचा संपर्क तुटला, तेव्हा या वाटेचे महत्त्व सर्वांना नव्याने कळले. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ किल्ल्यांत पन्हाळ्याचा अंतर्भाव आहे. या मान्यतेमुळे गडाकडे येणाऱ्या वाहनांची संख्या वाढण्याची शक्यता आहे, आणि त्यांत तरुण दुचाकीस्वारही असतील. महाविद्यालयात शिकणारा, दुचाकीवरून गडावर जाणारा विद्यार्थी हा या प्रश्नाचा केंद्रबिंदू आहे. भौतिकशास्त्राच्या तासाला गतिज ऊर्जेचे सूत्र शिकविताना आणि इतिहासाच्या तासाला पन्हाळ्याचा वेढा शिकविताना, त्याच वाटेवरून सुखरूप उतरण्याचे ज्ञानही त्याला मिळावे. वाहन दुप्पट वेगाने चालविले की ते थांबविण्यासाठी चौपट ऊर्जा शोषावी लागते, ही एवढी एक गोष्ट जरी त्याच्या मनावर ठसली, तरी या अभ्यासाचे सार्थक होईल.